मराठेशाहींतील तोफखाना : तोफा आणि व्यवस्था

मराठ्यांचें राज्य कां बुडालें या प्रश्नाचीं जीं ठराविक उत्तरें आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरत आहेत, त्यांतील एक असें कीं, शिवछत्रपतींचा गनिमी कावा टाकून पुढच्या लोकांनीं तोफा व कवाइती पलटणी यांची कास धरली; त्यामुळें हलकें सैन्य जड झालें, आणि जड झालेलें सैन्य एकदां पानिपतावर व पुन्हां असईस बुडालें. उत्तर सुटसुटीत आहे. त्यास मोठमोठ्या नांवांचा पाठिंबाही आहे. खुद्द असईचा विजेता आर्थर वेलस्ली यानेंच पुढें असें मत दिलें कीं, शिंद्यांनीं पायदळाच्या नादीं न लागतां आपलें घोडदळच चालविलें असतें, तर ते इंग्रजांस अधिक जड गेले असते. जेत्यानें जिताला मागाहून सांगितलेली ही युक्ति आपल्यांतील कांहींनीं फार श्रद्धेनें उचलली. पण ज्यानें हें मत दिलें त्याच्या सैन्यांतील दीड हजारांहून अधिक माणसें असईच्या एका दिवसांत मेलीं वा जखमी झालीं, आणि त्यांपैकीं पुष्कळशीं तोफांच्या मार्‍यानें पडलीं, ही गोष्ट त्या मताशेजारीं ठेवून पाहिली पाहिजे. तोफ हेंच चुकीचें हत्यार होतें असें म्हणणाराच्या बाजूनें असईचें रणांगण साक्ष देत नाहीं.

माझ्या मतें प्रश्न तोफांचा नसून तोफखान्याचा आहे. तोफ ही एक वस्तु आहे. ती विकत मिळते, लुटींत सांपडते, किंवा चांगला ओतारी मिळाल्यास घरीं ओतवितां येते. तोफखाना ही संस्था आहे. त्यांत तोफ ही एक बाब. तिचा गाडा दुसरी. गाडा ओढणारे बैल आणि त्यांची वैरण तिसरी. दारू व गोळे, तीं भरणारा व नेम धरणारा गोलंदाज, त्याचा पगार, त्याला हुकूम देणारा अंमलदार, आणि त्या अंमलदारानें कोणाचा हुकूम मानावयाचा हें ठरविणारें राज्य, अशी ही सांखळी लांबत जाते. तींतील एक कडी तुटली कीं सर्वांत उत्कृष्ट तोफ ही केवळ शत्रूच्या उपयोगी पडणारी धातू होय. मराठ्यांच्या बाबतींत कोणती कडी केव्हां तुटली हें पाहणें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या विषयाचे शब्दच आधीं पाहण्यासारखे आहेत. तोफ तुर्कांकडून आली, गोलंदाज व दारोगा फारशींतून आले, गारदी हा फ्रेंचांच्या गार्ड शब्दाचा मराठी अवतार, आणि पलटण व कंपू हे फिरंगी छावण्यांतून आलेले पाहुणे. गरनाळ, जंबुरक, सुतरनाळ हींही अशींच. बाण तेवढा आपला, आणि तो कोणाकडे कसा जाईल याचा भरंवसा सोडणारालाही नसे! परकी शब्द आला म्हणजे लाज वाटावी असें नाहीं. इंग्रजांनींही आपली तोफविद्या दुसर्‍यांकडून शिकूनच वाढविली. परंतु कंपू हा शब्द आज मराठींत केवळ टोळकें या अर्थानें उरला आहे, आणि गारदी म्हटलें कीं वाचकाला पहिल्यानें शनिवारवाडाच आठवतो. दहा-दहा पलटणींच्या शिस्तवार सैन्याचें नांव धारण करणारा शब्द टवाळीचा व्हावा, यांत त्या संस्थेचें आमच्या समाजांत किती मूळ रुजलें होतें याचा थोडासा हिशेब सांपडतो.

शिवाजीमहाराजांच्या राज्यांत अठरा कारखान्यांत तोफखान्याची गणना होती, परंतु तो तोफखाना मुख्यतः किल्ल्यांचा. तोफ बुरुजावर चढली कीं ती तेथली झाली. तिला बैल नकोत, रस्ता नको. महाराजांनीं पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रज, ज्यांच्याकडून मिळतील त्यांच्याकडून तोफा घेतल्या, आणि हे टोपीकर तोफा देतांना हात आंखडता घेतात व शत्रूलाही देतात हें ते पुरतें ओळखून होते. १६६० सालीं सिद्दी जौहराच्या पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरचे इंग्रज आपली उखळी तोफ घेऊन गडावर गोळे टाकावयास गेले होते. त्याचें उत्तर दुसर्‍याच वर्षीं राजापुरास मिळालें, आणि तेथील वखारवाल्यांना कैदेंत दिवस काढावे लागले. मैदानांत मोठ्या तोफा ओढीत नेण्याचा हव्यास महाराजांनीं धरला नाहीं, याचें कारण त्यांना तोफेची किंमत कळत नव्हती हें नव्हे. १६६५ सालीं मिर्झा राजा जयसिंगानें पुरंदराच्या वेढ्यांत अब्दुल्लाखान, फत्तेलष्कर अशा नांवांच्या तोफा डोंगर चढवून नेल्या, तेव्हां एकेका तोफेस वर जाण्यास तीन-तीन दिवस लागले. तो डोंगर चढविणें म्हणजे साम्राज्याचा खजिना चढविणें होतें. नव्या राज्याला तें परवडणारें नव्हतें, व त्यानें तें केलेंही नाहीं.

पेशवाईंत राज्य पसरलें आणि परिस्थिति पालटली. किल्ल्यांत बसून राहणारें राज्य आतां दुसर्‍यांचे किल्ले घेऊं लागलें. वसईला १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं जो पराक्रम गाजविला त्यांत तट फुटला तो मुख्यतः सुरुंगांनीं. म्हणजे तोफांची उणीव जमिनीखालून भरून काढावी लागली. अशा अनुभवांनंतर तोफखाना हें स्वतंत्र खातें वाढीस लागलें आणि त्याची सरदारी पानशांच्या घराण्याकडे आली. सासवडजवळचें सोनोरी हें त्यांचें गांव. तेथेंच दिवे घाटाच्या पाठीशीं भिवराव यशवंत व कृष्णाजी माधवराव पानसे यांनीं १७५७ ते १७६० च्या सुमारास मल्हारगड बांधला. पुरंदर-सिंहगडांच्या शेजारीं तो अगदीं लहानसा वाटतो. मराठ्यांनीं बांधलेला शेवटचा किल्ला म्हणून त्याचा लौकिक आहे, आणि तो तोफखान्याच्या सरदारांनीं बांधला हें मला नेहमीं अर्थपूर्ण वाटत आलें आहे. तोफखान्याचा अधिपति त्या काळीं आधीं सरंजामदार होता, मग गोलंदाज.

सरंजाम या एका शब्दांत पुष्कळ उलगडा आहे. घोडदळाला सरंजामी पद्धति बर्‍यापैकीं मानवते. कारण स्वाराचें घोडें, भाला व तरवार हीं त्याचीं स्वतःचीं, तीं राखण्यांत त्याचा स्वार्थ, आणि मोहिमेंत त्याचा निर्वाह मुलुखावर होतो. तोफेचें तसें नाहीं. ती कोणा शिपायाची मिळकत नव्हे. ती बारा महिने खाते, लढाईच्या दिवशींच कमावते, आणि लूट तर कधींच आणीत नाहीं. जो सरदार नेमलेल्या मुलुखाच्या वसुलांतून तिचा खर्च भागवितो, त्याला बैलजोडी कमी ठेवली तर शिल्लक राहते आणि दारू कमी उडाली तर आणखी शिल्लक राहते. पानसे अप्रामाणिक होते असें मला मुळींच सुचवावयाचें नाहीं. त्यांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली. पण ज्या रचनेंत काम न करण्यानें फायदा होतो, त्या रचनेंत चांगल्या माणसाचेंही काम हळूहळू सैल पडतें. शिवाय अशी सरदारी वंशपरंपरा चालली म्हणजे बापाचें शिक्षण मुलाला मिळेलच याची हमी नसते. मिळते ती बापाची वहिवाट.

थोरल्या माधवरावांच्या ध्यानांत हें आलें असावें. त्यांच्या कारकीर्दींत जुन्नर प्रांतीं ओतुराकडे आंबेगव्हाण येथें गोळे ओतण्याचा कारखाना निघाला व पुढें पुण्यासही काम सुरू झालें. वस्तु घरीं करण्याकडे त्यांची दृष्टि होती. पण व्यवस्था बदलण्यास जें आयुष्य लागतें तें त्यांना मिळालें नाहीं.

या तोफखान्याचें काम प्रत्यक्ष कसें चाले याचें एक चित्र इंग्रज अधिकारी एडवर्ड मूर यानें ठेवलें आहे. टिपूवरील मोहिमेंत १७९० च्या सप्टेंबरापासून परशुरामभाऊ पटवर्धनांनीं धारवाडला वेढा घातला. मुंबईकर इंग्रजांची कॅप्टन लिटलच्या हाताखालील तुकडी त्यांच्या मदतीस होती, आणि मूर तींत होता. तो सांगतो त्याचा मतलब असा : मराठ्यांची तोफ एकदां भरली कीं मोर्च्यांतील मंडळी खालीं बसून अर्धा तास गप्पा मारीत व गुडगुडी ओढीत, मग तोफ उडे, धुरळा भरपूर उठला म्हणजे काम झालें असें समजून पुन्हां बैठक मांडली जाई, दुपारीं एक ते तीनपर्यंत तर दोन्ही बाजूंचा मारा जणू ठरवून बंद. रात्रीं तोफा मोर्च्यांतून काढून तळावर नेत, आणि सकाळीं पुन्हां आणीत. तेवढ्यांत किल्ल्यांतले लोक दिवसभर पडलेली भिंत नीट करून घेत. वेढा साडेसहा महिने चालला. १७९१ च्या एप्रिलांत किल्ला हातीं आला तो तट फोडून नव्हे, तर आंतील लोक टेंकीस येऊन.

हें वर्णन वाचून इंग्रज वाचक हंसला असेल, आणि आपल्याकडील कांहीं जण मान खालीं घालतात. दोन्ही गोष्टी अवेळीं आहेत. मूरच्या स्वतःच्या लोकांनाही त्या वेढ्यांत पुरेशा भिंतफोड्या तोफा व दारूगोळा मिळालेला नव्हता. त्यांचा घाईघाईचा हल्ला फसला, आणि मुंबईहून कुमकेस आलेला कर्नल फ्रेडरिक वेढ्यांतच मरण पावला. अर्ध्या तासानें एक गोळा ही आळसाची खूण आहे, तशीच ती दारू मोजून मिळण्याचीही खूण असूं शकते. पण रात्रीं तोफा परत नेणें याला मात्र दुसरें स्पष्टीकरण नाहीं. तोफ मोर्च्यांत ठेवली तर तिचें रक्षण पायदळानें करावयाचें, आणि पायदळ तोफखान्याच्या सरदाराच्या हुकमतींत नाहीं. तेव्हां ती हरवूं नये म्हणून घरीं नेणें हेंच त्या सरदाराच्या दृष्टीनें शहाणपण. धुराकडे पाहून समाधान मानणार्‍या गोलंदाजावर मूर हंसला. त्या गोलंदाजाची चौकशी करणारा वरिष्ठच तेथें कोणी नव्हता, हें त्यानें सांगितलें नाहीं.

आतां थोडें मागें जाऊन पानिपताकडे वळूं. इब्राहीमखान गारदी बुसीच्या हाताखालीं फ्रेंच पद्धतीनें तयार झालेला. निजामाकडून सुटल्यावर तो सदाशिवरावभाऊंकडे आला. उदगीरला १७६० च्या आरंभीं त्याच्या तोफांनीं निजामाच्या फौजेस जेरीस आणलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या किल्ल्यावर व कुंजपुर्‍यास त्याच तोफा उपयोगी पडल्या. म्हणजे एका वर्षांत तीन वेळां ज्या हत्यारानें काम दिलें, त्यावर भाऊंनीं चौथ्यांदां भरंवसा ठेवला यांत त्यांचा दोष कोणता, हें मला कधींच कळलें नाहीं. मल्हारराव होळकरांच्या तोंडीं घातला जाणारा गनिमी काव्याचा उपदेश बायकामुलें, यात्रेकरू व बाजारबुणगे बरोबर असतांना, आणि मागची वाट अब्दालीनें तोडली असतांना, कसा अंमलांत आणावयाचा होता हेंही कोणी सांगत नाहीं.

१४ जानेवारी १७६१ च्या सकाळीं इब्राहीमखान भाऊंस भेटला त्या प्रसंगाची हकीकत काशीराज पंडितानें दिली आहे. खान म्हणाला त्याचा आशय हा कीं, माझ्या लोकांचा पगार दरमहा रोख मिळालाच पाहिजे या माझ्या हट्टानें आपण माझ्यावर नाराज होतां. या महिन्याचा पगार तर मिळालेलाच नाहीं. पण आपलें अन्न फुकट खाल्लें नाहीं हें आज दाखवितों. त्यानें तें दाखविलें. त्याच्या आठ-नऊ हजार गारद्यांनीं रोहिल्यांची फळी फोडली आणि स्वतःचीही धूळदाण करून घेतली. पकडल्यानंतर खानाचा शेवट कसा झाला हें सर्वांस माहीत आहे.

या संभाषणांतील रोख दरमहा हे दोन शब्द मला पानिपताच्या सर्व वर्णनांत महत्त्वाचे वाटतात. मराठी सरदारांस त्यांत परकीयाचा लोभ दिसला. वास्तविक तेथें दोन राज्यव्यवस्था एकमेकींपुढें उभ्या होत्या. ज्याचें पोट मुलुखावर भरतें तो शिपाई पगारासाठीं वर्ष थांबूं शकतो. ज्याला तोफ सोडून कोठें जातां येत नाहीं, तो थांबूं शकत नाहीं. रणांगणावरही हीच दुफळी दिसली. गारद्यांच्या शेजारीं असलेल्या विंचूरकर व गायकवाड यांच्या घोडदळाला तोफांच्या आड राहून त्यांच्या चालीनें चालण्याची संवय नव्हती आणि तसें शिकवणीनें बिंबविलेलेंही नव्हतें. तोफा व घोडे यांचा मेळ हुकुमानें एका सकाळीं बसत नाहीं. उलट अब्दालीच्या उंटांवरील जंबुरका लहान होत्या खर्‍या, पण त्या त्याच्या घोडदळाच्या पायानें चालत. आणि मोठ्या तोफा जेथें उभ्या राहिल्या तेथेंच दिवस बुडाला.

रोख पगाराचा हा प्रश्न न सुटल्याचा दुसरा परिणाम पुण्यासच दिसला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारदी शनिवारवाड्यांत शिरले, तेव्हां त्यांच्या तोंडीं थकलेल्या पगाराची ओरड होती. त्यांना घालणारे हात दुसरे होते हें खरें. परंतु ती ओरड सर्वांस खरी वाटली, यावरूनच ती नेहमींची होती हें कळतें.

महादजी शिंद्यांनीं हें सर्व पाहिलें होतें. पानिपताहून लंगडा होऊन आलेल्या या पुरुषाला तोफेचा राग यावयास हवा होता. पण त्यानें बरोबर उलटा धडा घेतला. सॅव्हॉय प्रांतांतील शांबेरी येथला बन्वा द ब्वान्य, ज्याला आपल्या कागदांत डिबॉयन म्हणतात, त्याला त्यानें १७८४ सालीं चाकरींत घेतलें. प्रथम दोन पलटणी; मध्यें कांहीं काळ खंड; आणि १७९० पासून एकेक कंपू. प्रत्येक कंपूंत दहा पलटणी, आणि प्रत्येक पलटणीबरोबर चार मैदानी तोफा व एक गरनाळ, म्हणजे कंपूमागें सुमारें पन्नास तोफा. असे तीन कंपू थोडक्याच वर्षांत उभे राहिले.

येथें आंकड्यांपेक्षां जोडणी पाहावी. पेशव्यांचा तोफखाना एकत्र, एका सरदाराच्या ताब्यांत व फौजेपासून अलग होता. डिबॉयननें तोफा पलटणींत वांटल्या. पलटण चालली कीं तिच्या तोफा चालल्या. पलटणीचा अंमलदार तोच तोफांचा अंमलदार. तोफ गमावली तर नांव पलटणीचें जाई. रात्रीं तोफा घरीं नेण्याचा प्रश्नच मिटला. दुसरी गोष्ट पैशाची. महादजींनीं दुआबांतील मुलूख कंपूंच्या खर्चास तोडून दिला. त्याला जायदाद म्हणत. वसूल डिबॉयननें करावा आणि पगार नियमित वांटावा. जखमी शिपायास बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा निकामी झाल्यास जमीन, अशीही सोय त्यानें केली. इब्राहीमखानानें मागितलेलें रोख दरमहा तीस वर्षांनीं मराठ्यांच्या चाकरींत प्रत्यक्षांत आलें. तिसरी गोष्ट आग्र्याच्या कारखान्याची. तेथें सँगस्टर नांवाचा एक स्कॉच ओतारी होता; गोहदच्या राण्याची चाकरी सोडून तो आलेला. तोफा आणि बंदुका दोन्ही त्याच्या देखरेखीखालीं होत, आणि त्याच्या बंदुकीची किंमत दहा रुपये पडे.

या व्यवस्थेचीं फळें लगेच दिसलीं. १७९० च्या जूनमध्यें पाटणला व सप्टेंबरांत मेडत्याला राजपुतांचें घोडदळ या पलटणींवर आदळलें. मेडत्यास राठोडांनीं जें धैर्य दाखविलें त्याला तोड नाहीं. पण डिबॉयननें पोकळ चौकोन बांधला, तोफांत छर्रे भरले, आणि त्या धैर्याचा निकाल सकाळच्या वेळींच लागला. १७९३ सालीं लाखेरीला होळकरांच्या सैन्याशीं सामना पडला, तेव्हां एक गोळा दारूच्या छकड्यावर पडून ओळीनें अनेक छकडे उडाले; तरी पलटणी मोडल्या नाहींत. मराठ्यांचीं दोन कवाइती सैन्यें, दोन्हींवर फिरंगी अंमलदार, एकमेकांस मारीत होतीं, ही त्या विजयाची दुसरी बाजू. महादजी व अहल्याबाई यांच्या हयातींतली ही गोष्ट आहे, हें विसरूं नये.

आतां जी कडी तुटली तिच्याकडे येतों. डिबॉयनच्या रचनेंत सर्व कांहीं होतें. पण गोलंदाजाला वर चढण्याची शिडी सुभेदारीपाशीं संपत होती. पलटणीचा कप्तान, कंपूचा सेनापति, हे फिरंगी. त्यांतील बहुतेकांचें घर सातां समुद्रांपलीकडे आणि ठेवी इंग्रजी पेढ्यांवर. महादजी १७९४ च्या फेब्रुवारींत वारले. डिबॉयन १७९६ मध्यें हिंदुस्थान सोडून गेला. त्याच्या जागीं पेराँ आला. पेराँला सैन्यापेक्षां दुआबाचा वसूल अधिक प्रिय झाला. महादजींच्या हयातींत त्यांच्या व्यक्तित्वाच्या धाकानें जें यंत्र धन्याचें होतें, तें दौलतरावाच्या काळीं यंत्र चालविणाराचें झालें. सरंजामाचा दोष घालविण्यासाठीं आणलेली जायदाद ही शेवटीं एका परकीयाचा सरंजाम ठरली, ही या इतिहासांतील कटु गंमत होय.

१८०३ च्या युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनीं जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरींतील आपल्या लोकांस निघून येण्यास सांगितलें, आणि येणारांच्या पोटाची सोय केली. अंमलदार निघाले. पेराँनें मिश्र रक्ताच्या अधिकार्‍यांवरही अविश्वास दाखवून त्यांना काढलें. जेम्स स्किनर त्यांतलाच, तो लेककडे गेला आणि इंग्रजांस एक नामांकित रिसाला मिळाला. ४ सप्टेंबरास अलीगढ पडलें; दरवाज्याची वाट दाखविणारा ल्यूकन हा कालपर्यंत शिंद्यांचा नोकर होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत पेराँ आपली संपत्ति घेऊन इंग्रजांच्या आश्रयास गेला. ११ सप्टेंबरास दिल्लीसमोर लढाई झाली व ६८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या.

या तोफांची जी तपासणी झाली तिचा वृत्तांत मेजर थॉर्न यानें दिला आहे, आणि तो आपल्याकडे जितका वाचला जावा तितका वाचला जात नाहीं. लोखंडी तोफा युरोपांतल्या. पितळी तोफा, गरनाळा व उखळ्या बहुतेक सर्व हिंदुस्थानांत ओतलेल्या, कांहींवर मथुरेचा व कांहींवर उज्जैनचा लेख. मापें फ्रेंच धर्तीचीं, कारागिरी कंपनीच्या कोठारांतील कामापेक्षां उणी नाहीं. कांहीं तोफांची नळी लोखंडाची करून तिच्यावर पितळ ओतलें होतें, म्हणजे नळी लवकर झिजूं नये व वजनही आटोक्यांत राहावें. नेम खालींवर करण्यासाठीं मळसूत्र बसविलेलें. ग्रिबोव्हालनें १७६५ पासून फ्रान्सांत ज्या सुधारणा केल्या, ज्यांच्या जोरावर पुढें नेपोलियन लढला, त्यांचें वारें मथुरेच्या ओतशाळेपर्यंत पोंचलें होतें. मराठे हत्याराच्या बाबतींत मागासलेले होते, या समजुतीला हा एवढा पुरावा पुरेसा उत्तर आहे. रँडॉल्फ कूपर यांच्या २००३ सालच्या ग्रंथांतही, मराठे हरले ते शस्त्रांच्या उणीवेनें नव्हेत, असेंच प्रतिपादन आहे.

असईची लढाई २३ सप्टेंबराची. वेलस्लीनें कैलना नदी पिंपळगांवाजवळ उतरून मराठ्यांच्या बगलेवर यावयाचा बेत केला. त्याची अपेक्षा अशी कीं, एवढी लांब तोफांची फळी वेळेवर वळणार नाहीं. पोहलमन या हॅनोव्हरी सेनानीच्या हाताखालील पलटणींनीं ती वळविली, आणि तीही शत्रूच्या डोळ्यांदेखत, दोन नद्यांच्या चिंचोळ्या बेटांत. बारा-तेरा वर्षांपूर्वीं धारवाडकडच्या तोफखान्याला हें स्वप्नांतही जमलें नसतें. इंग्रजांच्या मोजक्या तोफांचे बैल व माणसें पहिल्या मार्‍यांतच पडलीं. ७४ वी पलटण असई गांवासमोर कापली गेली. मग संगिनी तोफांपर्यंत पोंचल्या. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहींत, जागींच पडले. त्यांतील कित्येक मेल्याचें सोंग घेऊन तोफांखालीं राहिले, आणि इंग्रजांची फळी पुढें जातांच उठून त्यांनीं त्याच तोफा वळवून तिच्या पाठींत मारा केला. वेलस्लीला उलट फिरून त्या तोफा दुसर्‍यानें घ्याव्या लागल्या. या वेळीं दौलतराव शिंदे व रघूजी भोसले हे दोघे धनी रणांगणावर नव्हते. ९८ तोफा गेल्या.

१ नोव्हेंबरास अलवारजवळ लासवारीला हाच प्रकार अधिक स्पष्टपणें घडला. कारण येथें फिरंगी अंमलदार जवळजवळ उरलेच नव्हते. दक्षिणेंतून आलेल्या व दिल्लीहून निसटलेल्या पलटणी आपल्या सुभेदारांच्या हाताखालीं उभ्या राहिल्या. लेकचे आठशेंवर लोक पडले, मेजर जनरल वेअर ठार झाला, लेकचा मुलगा त्याच्या डोळ्यांसमोर जखमी झाला. लेकनें वरिष्ठांस कळविलें त्याचा आशय असा होता कीं, इतकी कठीण लढाई आपण पूर्वीं कधीं पाहिली नव्हती, आणि या गोलंदाजांवर त्यांचे फ्रेंच अंमलदार असते तर काय झालें असतें सांगवत नाहीं.

लेकच्या या उद्‌गारांतील दुसरा भाग मात्र मी उलटा वाचतों. फ्रेंच अंमलदार नव्हते म्हणून लासवारी गेली, हें खरें. पण एतद्देशीय अंमलदार कधीं तयारच केले नव्हते म्हणून गेली, हें अधिक खरें. तीस वर्षें तोफेशेजारीं उभा राहिलेला सुभेदार नेम धरूं शकत होता, मरूंही शकत होता. परंतु सत्तर तोफा आणि पंधरा पलटणी एका हुकमतीखालीं हलविण्याची विद्या त्याला कोणी दिली नव्हती. ती देण्यांत फिरंग्याचा स्वार्थ नव्हता, आणि ती मागण्याची बुद्धि धन्याला झाली नाहीं. आपल्या पुण्याच्या मुत्सद्यांनीं फडणिशीची विद्या मुलांस पांचव्या वर्षापासून शिकविली. तोफखान्याची विद्या त्यांनीं पगार देऊन विकत घेतली, आणि विक्रेता निघून गेला तेव्हां ती त्याच्याबरोबर गेली. सरदारांचीं मुलें डिबॉयनच्या कंपूंत उमेदवारीला कां गेलीं नाहींत, याचें उत्तर जातीच्या, मानपानाच्या आणि घोड्यावरून पायउतार होण्याच्या लाजेंत शोधावें लागेल. तें उत्तर सुखाचें नाहीं.

इंग्रजांचेंही तोफखान्यावांचून चालत नसे, याचा दाखला लवकरच मिळाला. १८०५ च्या आरंभीं पुरेशा वेढ्याच्या तोफा नसतांना लेकनें भरतपूरवर चार वेळां हल्ला केला, आणि चारही वेळां त्याचीं माणसें खंदकाशीं पडलीं. १८२६ मध्यें काँबरमिअरनें तेंच भरतपूर घेतलें, पण मोठा तोफखाना बरोबर आणून.

या युद्धांचा धडा आपल्यापेक्षां इंग्रजांनींच नीट वाचला. एतद्देशीयास बंदूक द्यावी, तोफ शक्यतों देऊं नये, असा कंपनीचा कल पहिल्यापासून होता; गरजेपुरत्या गोलंदाजांच्या तुकड्या ती ठेवी. मुंबई इलाख्यांत २८ सप्टेंबर १८२७ रोजीं उभी राहिलेली गोलंदाजांची एक तुकडी पुढें पांचवी मुंबई पहाडी तोफखाना तुकडी म्हणून नांवारूपास आली. १८५७ च्या उठावानंतर मात्र डोंगरी लढाईच्या अशा थोड्या तुकड्या वगळून सर्व तोफखाना गोर्‍यांच्या हातीं घेण्यांत आला. पायदळांत मराठे, शीख, गुरखे भरतीस चालत. मोठ्या तोफेजवळ चालत नसत. हा निर्बंध सुमारें पाऊणशें वर्षें टिकला. १५ जानेवारी १९३५ रोजीं बंगळूर येथें हिंदी तोफखान्याची पहिली मैदानी ब्रिगेड उभारली गेली. स्वतंत्र भारताच्या तोफखान्यानें आपला वार्षिक दिवस म्हणून मुंबईच्या त्या गोलंदाजांचा २८ सप्टेंबर निवडला आहे.